सर्व्हर पाण्यापासून वाचला, आता दार सांभाळा: क्लाउडमधल्या खासगी सर्व्हरसाठी बॅस्टियन होस्ट कसा उभा करावा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या पेठांत शिरलं, तेव्हा कितीतरी दुकानांचे हिशेब टेबलाखालच्या कॉम्प्युटरसकट पाण्यात गेले. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांचं एकच म्हणणं असायचं, "सर्व्हर क्लाउडला टाकून द्या. परत हे नको." आम्ही टाकले. पाण्याची धास्ती मिटली, पण घाईघाईत केलेल्या त्या कामात एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून गेली: सर्व्हर वर गेला आणि त्याचं दार थेट रस्त्यावर उघडलं.

बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात हे मी डोळ्यांनी पाहिलं. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडमधल्या विंडोज सर्व्हरवर होतं आणि रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हरचा पडदा उघडायचा, ३३८९ पोर्ट (सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) अख्ख्या इंटरनेटला उघडा होता. रविवारची दुपार, ऑफिसला सुट्टी. मी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटी लॉग बघितला, तर ४६२५ नंबरच्या नोंदींची रांग लागलेली. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, यूजर, बॅकअप, एकामागून एक नावं काही सेकंदांच्या अंतरानं येत होती. मालक मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "हे कोण आहेत?" मी म्हणालो, "आपल्या ओळखीचं कोणी नाही. मशीन आहेत, दिवसरात्र दारं ढकलून बघत असतात." तोवर कोणी आत शिरलेलं नव्हतं, हे नशीब. त्याच ऑफिसात लिनक्स सर्व्हरची पेम फाइल, म्हणजे आत शिरायची खासगी किल्ली, व्हॉट्सॲप ग्रुपवर होती, आणि नोकरी सोडून गेलेले दोघे अजून त्या ग्रुपमध्ये होते.

तिथे जे उभं केलं, तेच पायरीपायरीनं लिहितो आहे. बॅस्टियन म्हणजे बुरूज. सांगलीचा गणेशदुर्ग भुईकोट आहे, भोवती खंदक. अशा किल्ल्यात भिंत लांबलचक असली तरी ये-जा दारातूनच, आणि पहारा तिथेच. बॅस्टियन होस्ट तेच करतो. बाकीचे सगळे सर्व्हर खासगी नेटवर्कमध्ये, बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. बाहेर तोंड असलेलं मशीन एकच, छोटं, आणि त्याला दुसरं काहीही काम नाही.

उदाहरणं एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनची घेतली आहेत, कारण माझी बहुतेक गिऱ्हाइकं तिथे आहेत. ॲझ्युअर किंवा गूगल क्लाउडवर नावं बदलतात, रचना तीच राहते. आज्ञा आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत.

आधी ठरवा, बॅस्टियन हवाच आहे का

तुमचे सगळे सर्व्हर एडब्ल्यूएसवर असतील आणि आत जाणारी माणसं दोन-तीनच, तीही तांत्रिक असतील, तर एडब्ल्यूएसची सेशन मॅनेजर ही सेवा बघा. त्यात बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. सर्व्हरवरचा एजंटच आतून बाहेर जोडणी करतो. ॲझ्युअरमध्ये ॲझ्युअर बॅस्टियन नावाची तयार सेवा आहे, गूगलकडे आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सी आहे. पण सेशन मॅनेजरसाठी प्रत्येक लॅपटॉपवर एडब्ल्यूएसची कमांड लाइन आणि प्लगइन लागतं, प्रत्येकाला क्लाउड खात्यात ओळख द्यावी लागते. अकाउंटंट, बाहेरगावचा सीए आणि डेटाबेस बघणारा फ्रीलान्सर अशी मिसळ असेल, तर एसएसएचचा (दुरून सर्व्हरवर जायचा एन्क्रिप्ट केलेला मार्ग) साधा बॅस्टियन सोपा पडतो. एसएसएच क्लायंट विंडोज १० आणि ११ मध्ये मिळतोच, एखाद्या मशीनवर नसेल तर सेटिंग्जमधून घालता येतो. पुढचा लेख याच रस्त्याचा.

पहिलं काम कागदावर

कन्सोल उघडण्याआधी एक चौकोन काढा. तो तुमचा व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क. त्याला मी १०.२०.०.०/१६ ही रेंज देतो. आत तीन कप्पे, म्हणजे सबनेट: १०.२०.१.०/२४ हा पब्लिक सबनेट, त्यात फक्त बॅस्टियन, १०.२०.११.०/२४ हा खासगी सबनेट ॲप्लिकेशन आणि विंडोज सर्व्हरसाठी, १०.२०.२१.०/२४ हा खासगी सबनेट डेटाबेससाठी. प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे राखून ठेवतं, म्हणजे /२४ मध्ये २५१ उरतात. आपल्याला ते रगड झाले.

१९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० ची रेंज मात्र घेऊ नका. घरोघरच्या राउटरवर तीच असते. आज चालेल, पण उद्या व्हीपीएन लावायची वेळ आली की घरचा प्रिंटर आणि क्लाउडमधला सर्व्हर एकाच पत्त्यावर भांडत बसतात.

सबनेट पब्लिक की खासगी हे त्याच्या नावावरून नाही, राउट टेबलवरून ठरतं. पब्लिक सबनेटच्या टेबलमध्ये ०.०.०.०/० चा, म्हणजे अख्ख्या इंटरनेटचा, रस्ता इंटरनेट गेटवेकडे जातो. खासगीच्या टेबलमध्ये तो रस्ता नसतो. आतल्या सर्व्हरना अपडेट घ्यायला बाहेर जायचं असेल तर नॅट गेटवे (आतून बाहेर जाऊ देणारं, बाहेरून आत न येऊ देणारं दार) लागतो, आणि तो तासावर अन् जीबीवर असे दोन्ही पैसे घेतो. छोट्या गिऱ्हाइकाच्या बिलात तो बॅस्टियनपेक्षा जड पडतो, हे आधीच सांगून ठेवा. बॅकअप फक्त एसथ्री या एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीवर जात असेल तर त्यासाठी एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट फुकट मिळतो.

सिक्युरिटी ग्रुप: कोण कुणाशी बोलणार

सिक्युरिटी ग्रुप म्हणजे सर्व्हरभोवतीची फायरवॉल. असे तीन ग्रुप करा. बॅस्टियनच्या ग्रुपमध्ये आत येणारा नियम एकच: पोर्ट २२, आणि स्रोत म्हणून तुमच्या ऑफिसचा पत्ता /३२ (म्हणजे तेवढा एकच पत्ता) लावून. ॲप्लिकेशन आणि विंडोजच्या ग्रुपमध्ये २२ आणि ३३८९, पण स्रोत म्हणून आयपी लिहायचा नाही, बॅस्टियनचा ग्रुपच निवडायचा. उद्या बॅस्टियन मोडून नवा केला आणि त्याचा आतला पत्ता बदलला, तरी नियम तसाच चालतो. डेटाबेसच्या ग्रुपमध्ये, पोस्टग्रेस असेल तर, ५४३२ हा पोर्ट ॲप्लिकेशनच्या ग्रुपला आणि बॅस्टियनच्या ग्रुपला.

सिक्युरिटी ग्रुप परतीचा रस्ता आपोआप उघडतो. नेटवर्क एसीएल, म्हणजे अख्ख्या सबनेटची नियमांची यादी, तसं करत नाही, तिथे परतीचे १०२४ ते ६५५३५ पोर्टही हातानं द्यावे लागतात. एसीएलला हात लावून "कनेक्ट होत नाही" म्हणत अर्धा दिवस घालवणारे मी पाहिले आहेत. सुरुवातीला एसीएल आहे तसा राहू द्या.

बाहेर जाणारे नियम सहसा कुणी बघत नाही. मूळ सेटिंगमध्ये बॅस्टियनला जगात कुठेही जायची मुभा असते. ती काढा. आतल्या सबनेटकडे २२, ३३८९, ५४३२, आणि अपडेटसाठी ४४३ व ८०, एवढंच ठेवा. कोणी आत शिरलाच, तरी तिथून त्याला लांब पोचता येऊ नये.

सांगलीतली खरी अडचण: आपला आयपी आपला नसतो

पुस्तकात "ऑफिसचा आयपी टाका" एवढंच लिहिलेलं असतं. इथे गल्लीतल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड असतं, लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो. त्याहून अवघड म्हणजे सीजीनॅट. शेकडो गिऱ्हाइकांना मिळून बाहेर एकच पत्ता दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या रेंजमध्ये असेल, किंवा "माझा आयपी" दाखवणाऱ्या साइटवरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर तुमचं कनेक्शन सामायिक आहे. मग तो पत्ता नियमात टाकणं म्हणजे त्या कनेक्शनवरच्या सगळ्या अनोळखी लोकांना दारापर्यंत येऊ देणं. मोबाइल हॉटस्पॉटचं तर बहुतेक वेळा असंच असतं.

ऑफिससाठी स्टॅटिक आयपी विकत घ्या. बहुतेक पुरवठादार वर्षाला थोडे जादा पैसे घेऊन देतात, आणि या सगळ्या कामात तो खर्च सर्वांत चोख वसूल होतो. फिरतीवरच्या माणसासाठी मी कन्सोलमधून त्या दिवसापुरता नियम घालतो आणि वर्णनात तारीख लिहितो, म्हणजे दर शनिवारी जुने नियम काढताना शोधाशोध होत नाही. "आजच्या दिवस ०.०.०.०/० करून ठेवू" हे कधीही करू नका. तो आजचा दिवस दोन वर्षं चालतो. आयपीव्ही६ चा नियमही बघा. वरचा नियम घट्ट केलेला आणि खाली आयपीव्ही६ ची ::/० ही सगळ्या जगाची ओळ सताड उघडी, असं मला दोनदा सापडलं आहे.

आयपीची गाळणी म्हणजे पहिली चाळण. खरं कुलूप म्हणजे एसएसएचची की (किल्ली), तिच्याकडे येतोच.

मशीन

टी४जी नॅनो किंवा टी३ मायक्रो पुरतं. उबुंटूची एलटीएस आवृत्ती किंवा ॲमेझॉन लिनक्स २०२३ घ्या. डिस्क एन्क्रिप्ट करा, मशीनला स्वतःची माहिती देणाऱ्या मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती म्हणजे आयएमडीएसव्ही२ सक्तीची करा. आयएएम रोल, म्हणजे मशीनला क्लाउड खात्यात मिळणारी परवानगी, सध्या देऊ नका. लॉग बाहेर पाठवायला लागेल तेवढीच परवानगी पुढे द्यायची आहे. इलॅस्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पब्लिक पत्ता, जोडा, नाहीतर मशीन बंद करून चालू केलं की पत्ता बदलेल. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या थोडं वर. गिऱ्हाइकाला हा आकडा आधी सांगा.

या मशीनवर वेबसाइट नाही, डेटाबेस नाही, "तात्पुरता" बॅकअप नाही. जागा रिकामी दिसली की काहीतरी टाकावंसं वाटतं. टाकू नका. या मशीनचं रिकामपण हाच त्याचा गुण आहे, कारण रिकामं मशीन कधीही मोडून परत उभं करता येतं.

की माणसाची, ऑफिसची नव्हे

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: प्रत्येक माणसाची की वेगळी, आणि खासगी की ज्या लॅपटॉपवर बनली तिथून ती हलत नाही. तुम्ही की बनवून कुणाला पाठवायची नाही. त्यानं बनवायची आणि तुम्हाला फक्त डॉट पब नावाची, म्हणजे पब्लिक कीची, फाइल पाठवायची. ती व्हॉट्सॲपवर आली तरी बिघडत नाही, ती लपवायची वस्तूच नव्हे. पेम फाइल मात्र ग्रुपवर आली की ती कुणाकुणाकडे आहे हे कुणीच सांगू शकत नाही, आणि लॉगमध्ये सगळे एकाच नावानं दिसतात.

आज्ञा अशी: एसएसएच-कीजेन, मग वजा टी ईडी२५५१९, मग वजा ए १००, मग वजा कॅपिटल सी आणि अवतरणात माणसाचं नाव व लॅपटॉप. पासफ्रेज मागितली की एंटर मारून पुढे जायचं नाही. मी समोर बसून टाइप करायला लावतो. मराठी म्हणीतले चार-पाच शब्द रोमन लिपीत, मधे एखादा आकडा आणि एखादं भलतंच नाव, म्हणजे पाठही राहते आणि सहज ओळखताही येत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर वेळ मिळतो तो या पासफ्रेजमुळेच.

बॅस्टियनवर प्रत्येकासाठी वेगळा यूजर करा आणि त्याचं शेल यूएसआर-एसबिनमधलं नोलॉगिन ठेवा. त्याला बॅस्टियनवर बसून काही करायचं नाही, फक्त पलीकडे जायचं आहे. नोलॉगिन शेल असलं तरी टनेल (बॅस्टियनमधून आतल्या पोर्टपर्यंतचा बोगदा) आणि जंप (बॅस्टियनवरून थेट आतल्या सर्व्हरवर उडी) दोन्ही चालतात. यूजरचे दोन गट करा, एक नुसती ये-जा करणाऱ्यांचा, दुसरा ॲडमिनचा.

कीज मी यूजरच्या होममध्ये ठेवत नाही. ईटीसी-एसएसएचखाली "कीज" नावाचा फोल्डर, त्यात यूजरच्या नावाची एकेक फाइल, मालक रूट, परवानगी ६४४. मग ऑथराइज्डकीजफाइल या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा रस्ता आणि शेवटी टक्का-यू. आत कोण येऊ शकतं हे एका फोल्डरकडे बघून कळतं. हे करण्याआधी उबुंटू नावाच्या मूळ यूजरची की त्या फोल्डरमध्ये हलवा आणि त्याला ॲडमिनच्या गटात घाला. नाहीतर पुढच्या लॉगिनला तुम्हीच बाहेर.

एसएसएचडीची सेटिंग्ज, आणि एक छुपा खड्डा

एसएसएचडी म्हणजे बॅस्टियनवर एसएसएच सांभाळणारी सेवा. तिच्या मूळ एसएसएचडी-कॉन्फिग फाइलला हात लावू नका. एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी या फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल करा. इथे खड्डा आहे. एसएसएचडी एखाद्या सेटिंगची *पहिली* भेटलेली किंमत धरतो, नंतरची सोडून देतो. उबुंटूमध्ये हा फोल्डर मूळ फाइलच्या सुरुवातीलाच वाचला जातो, आतल्या फाइली नावाच्या क्रमानं. आणि तिथे क्लाउड-इनिटनं (मशीन पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणारा प्रोग्राम) ५० आकड्याची फाइल ठेवलेली असू शकते, जिच्यात पासवर्ड लॉगिन चालू असतं. तुम्ही ९९ नाव देऊन फाइल केली, त्यात पासवर्ड बंद लिहिलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, समाधान झालं, आणि पासवर्ड लॉगिन चालूच. म्हणून आपल्या फाइलचं नाव १० पासून सुरू करा.

त्या फाइलमध्ये: परमिटरूटलॉगिन नो, पासवर्डऑथेंटिकेशन नो, केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो, एक्स११फॉरवर्डिंग नो, अलाउएजंटफॉरवर्डिंग नो, मॅक्सऑथट्राइज ३, क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ६०, लॉगलेव्हल व्हर्बोज, आणि अलाउग्रुप्समध्ये वरचे दोन्ही गट. अलाउटीसीपीफॉरवर्डिंग "लोकल" ठेवा. त्यामुळे बाहेरून आत टनेल निघतो, उलटा निघत नाही.

फाइलच्या शेवटी मॅच ग्रुप लिहून ये-जा करणाऱ्या गटासाठी परमिटटीटीवाय नो, आणि परमिटओपनमध्ये ज्या ज्या ठिकाणी जायची मुभा आहे ते पत्ते पोर्टसकट: १०.२०.११.१० चा २२, १०.२०.११.२० चा ३३८९, १०.२०.२१.१० चा ५४३२. परमिटओपनला "या सबनेटमधलं काहीही" असं सांगता येत नाही, एकेक पत्ता लिहावा लागतो. डेटाबेस आरडीएस या एडब्ल्यूएसच्या तयार डेटाबेस सेवेवर असेल तर तिथे आयपी नव्हे, क्लायंट ज्या लांबलचक नावानं मागणार तेच नाव लिहा. ही तुलना अक्षराला अक्षर होते.

आता घाई नको. एसएसएचडी वजा स्मॉल टी चालवा, चूक असेल तर ओळ नंबरासकट सांगेल. मग एसएसएचडी वजा कॅपिटल टी. सगळ्या फाइली एकत्र वाचून खरोखर काय लागू झालं ते छापून येतं. त्यात पासवर्डऑथेंटिकेशनची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. चालू असलेली खिडकी बंद न करता सर्व्हिस रिस्टार्ट करा. उबुंटूत तिचं नाव एसएसएच, ॲमेझॉन लिनक्समध्ये एसएसएचडी. दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघा. जमलं तरच पहिली बंद करा.

पोर्ट २२ बदलून २२२२ करायचा का, हे मला नेहमी विचारतात. केल्यानं लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत पोर्ट सॉकेटकडे असतो, त्यामुळे सर्व्हिससोबत सॉकेटही रिस्टार्ट करावा लागतो. मी २२ च ठेवतो.

लॅपटॉपच्या बाजूला

विंडोजवर यूजरच्या फोल्डरमध्ये डॉट-एसएसएच फोल्डर, त्यात कॉन्फिग नावाची फाइल. नोटपॅड तिला गुपचूप डॉट टीएक्सटी जोडतो आणि मग काहीच चालत नाही. सेव्ह करताना "ऑल फाइल्स" निवडा आणि नाव अवतरणात लिहा.

अकाउंटंटसाठी फाइलमध्ये एकच होस्ट पुरतो, त्याला मी "दार" नाव देतो. होस्टनेम म्हणजे इलॅस्टिक आयपी, यूजर त्याचं नाव, आयडेंटिटीफाइल त्याची की, सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०, एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर येस, आणि लोकलफॉरवर्ड १३३८९ कडून १०.२०.११.२० च्या ३३८९ कडे. मग एसएसएच वजा कॅपिटल एन दार. काळी खिडकी उघडते, पासफ्रेज मागते आणि मग गप्प बसते. पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं हँग झालं. हँग नाही, टनेल चालू आहे. खिडकी फक्त खाली ढकलायची. रिमोट डेस्कटॉपमध्ये पत्ता १२७.०.०.१ आणि पुढे १३३८९. स्वतःच्या मशीनवरचा ३३८९ घेऊ नका, तिथे विंडोजचीच सेवा बसलेली असू शकते. या सगळ्याचा डेस्कटॉपवर शॉर्टकट करून द्या. त्याला दोन क्लिक पडले तर तो वापरेल, पाच पडले तर आठवड्यात "जुनं तेच बरं होतं" म्हणून फोन येईल.

लिनक्स सर्व्हरवर जाणाऱ्यासाठी दुसरा होस्ट, त्यात प्रॉक्सीजंप दार. ही सोय २०१६ पासून ओपनएसएसएचमध्ये आहे, तरी अजून बरेच जण एजंट फॉरवर्डिंग वापरतात किंवा सरळ खासगी की बॅस्टियनवर कॉपी करून ठेवतात. दुसरा प्रकार म्हणजे घराची किल्ली दाराच्या कोनाड्यात. एजंट फॉरवर्डिंगमध्ये की जात नाही, पण तुम्ही जोडलेले असेपर्यंत बॅस्टियनवरचा रूट तुमच्या नावानं ती वापरू शकतो. प्रॉक्सीजंपमध्ये आतल्या सर्व्हरशी होणारं बोलणं तुमच्या लॅपटॉपपासूनच एन्क्रिप्ट होतं. बॅस्टियन फक्त पाकीट पुढे सरकवतो, उघडू शकत नाही.

पहिल्या जोडणीला सर्व्हरच्या कीचा फिंगरप्रिंट (ओळखीची अक्षरांची खूण) दाखवून "येस" विचारलं जातं. न वाचता येस टाइप करायची सवय सगळ्यांना आहे. कन्सोलमधल्या सिस्टिम लॉगमध्ये मशीन पहिल्यांदा सुरू होताना छापलेला फिंगरप्रिंट असतो. तो आधीच उतरवून घ्या आणि फोनवर शेवटची सहा अक्षरं वाचून जुळवा. अर्धं मिनिट जातं.

लॉग बाहेर गेलाच पाहिजे

बॅस्टियनवरचा लॉग बॅस्टियनवरच ठेवणं म्हणजे चोराच्या हातात वही देणं. एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच या लॉग साठवणाऱ्या सेवेचा एजंट लावा आणि ऑथ लॉग बाहेर पाठवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस देशातच जपायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. क्लाउडवॉचमध्ये जपणुकीचा १८० दिवसांचा पर्याय थेट यादीत आहे, आणि मुंबई रीजन असल्यानं जागेचा प्रश्न येत नाही. घड्याळ मात्र बरोबर हवं, नाहीतर नोंदींचा ताळमेळ लागत नाही.

लॉगमध्ये "ॲक्सेप्टेड पब्लिककी" या शब्दांपुढे यूजर, पत्ता आणि कीचा फिंगरप्रिंट येतो. कोल्ड स्टोरेजमध्ये दर सोमवारी मालक स्वतः आठवड्याची यादी बघतात. त्यांना फिंगरप्रिंट कळत नाही, पण "रात्री दोन वाजता हा कशाला आत होता?" हे त्यांना माझ्याआधी कळतं.

क्लाउड खात्यालाच टू-फॅक्टर नसेल तर वरचं सगळं फुकट आहे. कन्सोलमध्ये घुसलेला माणूस सिक्युरिटी ग्रुप बदलू शकतो, त्याला बॅस्टियन फोडायची गरजच नाही. रूट खात्याला आधी ते लावा. बॅस्टियनवरही दुसरा घटक हवा असेल तर ओटीपीच्या मॉड्यूलपेक्षा यूएसबीची सिक्युरिटी की सोपी पडते. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, ईडी२५५१९-एसके प्रकारची की बनते आणि प्रत्येक लॉगिनला बोट लावावं लागतं.

माणूस नोकरी सोडतो तो दिवस

इथे बहुतेक जण यूजरमॉड वजा कॅपिटल एल करतात आणि निर्धास्त होतात. त्यानं फक्त पासवर्डला कुलूप लागतं, कीनं तो माणूस आरामात आत येतो. क्रम असा ठेवा: कीज फोल्डरमधली त्याची फाइल काढा, यूजरमॉडनं एक्स्पायरडेट १ करा, मग पीकिल वजा यू देऊन त्याच्या चालू जोडण्या तोडा. शेवटचं विसरू नका. की काढल्यानं आधीपासून चालू असलेलं सेशन तुटत नाही. आणि विंडोज सर्व्हरवरचं, डेटाबेसमधलं त्याचं खातंही त्याच दिवशी बंद.

बाहेरून तपासणी, आणि मोडून परत उभं करणं

सगळं झाल्यावर फोनचा हॉटस्पॉट लावा, म्हणजे तुम्ही परके झालात. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन वापरून बॅस्टियनच्या पत्त्यावर २२, ३३८९, ५४३२ तिन्हीवर जाऊन बघा. तिन्ही फसले पाहिजेत. मग ऑफिसच्या नेटवरून फक्त २२ लागला पाहिजे. ये-जा गटातल्या माणसाच्या कीनं परमिटओपनमध्ये नसलेल्या पत्त्यावर टनेल काढून बघा, नकार आला पाहिजे.

अपडेट आपोआप होऊ द्या, अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू ठेवा आणि पहाटे तीनला रीबूटची परवानगी द्या. जुलै २०२४ मध्ये एसएसएचडीतच रेग्रेएसएसएच नावाचं मोठं भगदाड सापडलं होतं. ज्यांचं अपडेट आपोआप होत होतं त्यांना त्या आठवड्यात फार काही करावं लागलं नाही.

वर्षातून एकदा मात्र मी बॅस्टियन पूर्ण मोडतो आणि स्क्रिप्टवरून नवा उभा करतो. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे बंद असतात, व्यापारी येणी-देणी मिटवत असतात, तेव्हा कोल्ड स्टोरेजमध्ये नवा माल फारसा येत-जात नाही. तो काळ या कामाला बरा. नवं मशीन, तोच इलॅस्टिक आयपी, कीजचा फोल्डर परत जागेवर. नव्या मशीनची होस्ट की वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक लॅपटॉपवर "ओळख बदलली आहे" असा मोठा इशारा येतो आणि जोडणी अडते. हा इशारा खोटा नाही, एसएसएचला तसंच वागायला शिकवलं आहे. आदल्या दिवशी सगळ्यांना फोन करून नवा फिंगरप्रिंट सांगा, एसएसएच-कीजेन वजा कॅपिटल आर आणि पुढे पत्ता देऊन जुनी नोंद काढायला सांगा, आणि नवा जुळला तरच येस. फोन न येता असा इशारा दिसला तर हात थांबवायचा आणि मला फोन करायचा, एवढं मी प्रत्येक अकाउंटंटच्या मॉनिटरखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे.